मागची जागा

भावना रंगारीनं आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फक्त रसवंतीवर, ओल्या पोत्याखाली झाकलेला. तरी गेले सात महिने ती बर्फावर चालणाऱ्या गाडीचं हॅंडल नेमकं कुठे असावं, हे ठरवत होती.

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मुळात ट्रॅक्टरचे सुटे भाग व्हायचे. मालकाचा मुलगा अंकित बाहेर शिकून आला आणि त्यानं उत्तरेकडच्या एका डोंगरी बचाव पथकाचं काम मिळवलं. बारा स्नो स्कूटर. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा, मध्ये एका माणसाची बैठक आणि दोन्ही अंगांना पाय ठेवायच्या लांब फळ्या. बर्फ पडायच्या आत बाराही गाड्या वर पोचायला हव्या होत्या.

सपाटीवर अशी गाडी कोणीही चालवेल. खरी परीक्षा डोंगराचा उतार आडवा कापताना. तिथं बसून चालत नाही, उभं राहावं लागतं आणि सगळा भार डोंगराच्या अंगाच्या फळीवर टाकावा लागतो. हॅंडल मागे असलं की कोपरं बरगड्यांना टेकतात, अंग वळत नाही आणि गाडी दरीकडे तोंड फिरवते. हॅंडल पुढे नेलं, चेसिस अरुंद केली, की माणूस गाडीच्या बरोबर मध्यावर उभा राहतो आणि गाडी त्याच्या अंगाबरोबर कलते. कागदावर हे सगळं सरळ होतं. पथकाची अट होती तीस अंशांच्या उताराची. त्याखालचं त्यांना चालणार नव्हतं.

भावना चव्वेचाळीस वर्षांची. चारला उठून पाणी भरायचं, आईच्या गुडघ्यांना तेल लावायचं, डबा करायचा, तोंडाला दुपट्टा बांधून सक्करदऱ्याहून गाडी काढायची. मे महिन्यात दहानंतर शेडचे पत्रे असे तापत की वजनाचे सेन्सर वेडंवाकडं दाखवू लागत. म्हणून चाचण्या सकाळी साडेसहाला. ती थकली होती, पण थकले असं म्हणायलाही वेळ लागतो, तो तिच्यापाशी नव्हता.

गाडीवर उभं राहायला माणूस मिळाला तो रुपराव काळमेघ. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, वर्धेकडचा, एकोणसाठ वर्षांचा. बारा वर्षं त्यानं बर्फात अशाच गाड्या हाकल्या होत्या. बोलायचा कमी. फलाटावर चढण्याआधी चप्पल काढून बाजूला नीट जोडीनं ठेवायचा.

फलाट म्हणजे एक भक्कम लोखंडी पाट, डावीकडून वर उचलला जाणारा. त्यावर गाडी साखळ्यांनी बांधलेली. दोन्ही फळ्यांखाली सेन्सर, हॅंडलच्या मुठींतही. माणूस किती भार कुठे टाकतो ते पडद्यावर दिसायचं, आणि किती अंशांवर गाडी उलटायला बघते तेही.

हॅंडल मागे ठेवलं तेव्हा गाडी सव्वीस अंशांवर सुटली. मधल्या जागी अठ्ठावीसवर. तिसऱ्या दिवशी भावनानं हॅंडल सगळ्यात पुढच्या जागी घट्ट केलं. रुपराव उभा राहिला. त्याच्या पाठीमागे आता दीड फूट फळी मोकळी होती.

गाडी एकतीस अंशांपर्यंत धरून राहिली.

भावनाला आनंद व्हायला हवा होता. पण तिची नजर खालच्या आकड्यावर गेली. एकूण वजन, एकशे एकोणतीस किलो.

"रुपरावजी, तुमचं वजन किती?"

"अडुसष्ट. काल तर केलं ना जी तुम्ही."

तिनं फलाट खाली आणला. एकशे एकोणतीसचे अडुसष्ट झाले. पुन्हा उचलला. चोवीस अंशांपर्यंत अडुसष्ट. पंचविसाव्याला एकशे एकोणतीस. एकसष्ट किलो कुठून तरी येत होते आणि सगळे डाव्या फळीच्या मागच्या अंगाला बसत होते, जिथं कोणी उभं नव्हतं.

सेन्सर बिघडला असणार. तिनं तारा तपासल्या, मागचे सेन्सर पुढे आणि पुढचे मागे लावले. भार जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी कळमन्याच्या धान्य बाजारातून वीस-वीस किलोची लोखंडी वजनं मागवली आणि रुपरावऐवजी ती बांधून फलाट उचलला. साठला साठ. एक किलो इकडे नाही की तिकडे नाही. वजनं काढून रुपरावला चढवलं, की पंचविसाव्या अंशाला ते एकसष्ट किलो हजर.

तिनं हॅंडल मागे घेतलं. रुपराव त्याबरोबर मागे सरकला, मागची फळी त्याच्या पायांखाली गेली. भार नाहीसा झाला. गाडी पुन्हा सव्वीसला सुटली.

"किती दाखवून राहिलं?" रुपरावनं वरूनच विचारलं.

"एकसष्ट जास्त. पुढच्या हॅंडलवर. तुमच्या मागं."

तो उतरला, चपला घातल्या आणि माठाकडे गेला. तिथं बराच वेळ पाणी न पिता उभा राहिला.

तिला खरं खटकलं ते त्या दिवशी दुपारी, नोंदींचा आलेख बघताना. लोखंडाचा भार सरळ रेषेत येतो. हा येत नव्हता. पाऊण-एक मिनिटानं तो टाचेवरून चवड्यावर जायचा, मग परत टाचेवर. रांगेत फार वेळ उभा राहिलेला माणूस पाय बदलतो, तसा.

घरी पोचली तेव्हा आईनं विचारलं, "काहून वं, एवढी गप्प?"

"काही नाही, माय. ऊन लागलं."

"मग थोडी टेक. कधी टेकतच नाहीस."

सकाळी ती लवकर आली. कूलरही लावला नव्हता. रुपराव आला तसं तिनं त्याला पडद्यापाशी बसवलं.

"आज मी चढते. तुमच्यामुळे होतं का, ते बघायचं. तुम्ही फक्त फलाट उचला आणि आकडे वाचा."

"ताई, राहू द्या ना."

"काहून?"

त्यानं पडदा आपल्याकडे वळवला. तिनं चपला काढल्या, कमरेला पट्टा बांधला आणि हॅंडल धरलं. हॅंडल छातीच्या उंचीवर, चांगलं पुढे. गुडघे किंचित वाकवून, डावा पाय डाव्या फळीवर पुढे. तिला पहिल्यांदाच कळलं की ही जागा किती बरोबर होती. अंग आपोआप उभं राहत होतं.

फलाट डावीकडून उचलायला लागला.

"चोपन्न," रुपराव वाचत होता. "वीस अंश. चोपन्न. बावीस. चोपन्न. चोवीस."

शेडमध्ये तापल्या पत्र्याचा आणि ग्रीसचा वास होता. बाहेर ट्रक मागे घेताना वाजणारी शिट्टी. आणि मग पायाखालची फळी थोडी दबली. कोणी मागून अलगद चढावं, तुम्हाला धक्का लागू नये म्हणून जपून चढावं, तेवढीच.

"एकशे पंधरा," रुपराव म्हणाला.

ती वळली नाही. वळायला हवं होतं. पण हात हॅंडलवर होते आणि मानेमागे उन्हाळ्यात कधी नसते तशी हवा होती, कोरडी, वास नसलेली.

तिला भीती वाटली नाही. नंतर तिला सगळ्यात जास्त हेच आठवायचं.

तिला वाटलं, जरा टेकावं.

तिनं पाठ मागे सोडली. एक बोटभर. मग आणखी.

ती पडली नाही.

पाठीला काही लागलंही नाही. फक्त भार गेला. खांद्यांवरचा, कमरेतला, पहाटे चारचा. किती वर्षांनी कोणी तरी म्हणालं होतं, दे इकडे.

"ताई."

दुरून.

"ताई, तुमचं कमी होऊन राहिलं. पुढं चाळीस. मागं पंच्याहत्तर. ताई, उतरा. पुढं एकतीस. उतरा म्हणून राहिलो ना मी!"

फलाट धाडकन खाली आला. रुपरावनं बटण दाबलं होतं. तो तिच्या दंडाला धरून तिला उतरवत होता.

"पाच वेळा हाक मारली," तो म्हणाला. "आयकूनच नाही राहिल्या तुम्ही."

ती स्टुलावर बसली. पाय माठासारखे गार पडले होते. रुपरावनं तिच्या हातात पाण्याचा गिलास दिला आणि स्वतः खाली, फरशीवर बसला.

"एक सांगू ताई? बारा वर्षं मी वर होतो. आमच्या गाड्यांचं हॅंडल मागंच राहायचं, पण उंच माणसं पुढं सरकून उभी राहत. तर मागं जी जागा उरे, तिथं आम्ही पेटी बांधत होतो. लाकडाची."

"सामानाची?"

"रिकामी राहे ती कितीकदा. पण बांधायचीच. जुन्या लोकांनी सांगून ठेवलं होतं, की उतारावर मागं जागा ठेवायची नाही."

"काहून?"

"आम्ही विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही."

"कोणी गेलं होतं का तुमच्यापैकी? तुमच्या गाडीवरून?"

"नाही जी," तो म्हणाला. "माझा कोणीच नाही गेला. मग हा मागं कोण चढून राहिला, तेच तर मले समजून नाही राहिलं." उठून तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "उद्यापासून मी येत नाही. राग नका धरू."

अंकित संध्याकाळी आला. भावनानं त्याला आकडे दाखवले, पण एकूण वजनाचा रकाना तिनं पडद्याच्या खाली सरकवून ठेवला होता.

"एकतीस! मॅडम, मग अडलं कुठे?"

"मागच्या फळीवर पेटी बसवू या. कायमची."

"वजन वाढेल. किती अंश मिळतील?"

तिनं ते दुपारीच लोखंडी वजनं बांधून मोजलं होतं. "अठ्ठावीस."

"मग कशाला? तीसच्या खाली ते घेणार नाहीत. नवी चेसिस काढायची तर यंदाचा बर्फ गेला. वर माणसं अडकतात मॅडम, आणि पथकाजवळ आत्ता चालत जाण्याशिवाय काही नाही."

यातलं काहीच खोटं नव्हतं. पुढच्या हॅंडलनं गाडी उतार धरत होती. कशामुळे धरत होती, ते सांगायला तिच्यापाशी शब्द नव्हता. तिनं अहवालाच्या शेवटी एक ओळ लिहिली. 'चाचणीत स्वाराव्यतिरिक्त एकसष्ट किलो भार नोंदला गेला, कारण अज्ञात.' वाचली. पुन्हा वाचली. ही ओळ ठेवली तर प्रश्न येतील, प्रश्न आले तर चाचण्या, आणि चाचण्या म्हणजे त्या फलाटावर पुन्हा चढणं. तिला चढायचं नव्हतं, कारण तिला चढावंसं वाटत होतं.

तिनं ओळ खोडली आणि सही केली.

ऑक्टोबरात बाराही गाड्या ट्रकवर चढून गेल्या. फलाट सुटा करून मागच्या शेडमध्ये ठेवला. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन रामदासपेठेत झालं, दुसऱ्याचं पुढे ढकललं. भावना पुन्हा ट्रॅक्टरच्या भागांकडे वळली. कधी कधी बसल्या जागी ती नकळत जरा मागे कलायची. खुर्चीची पाठ लागायची आणि ती दचकून सरळ व्हायची.

जानेवारीत एका दुपारी फोन आला. पथकाचा प्रमुख बोलत होता, हिंदीत, आवाजात वारा मिसळलेला. गाड्या फारच उत्तम, तो म्हणाला. सतरा माणसं खाली आणली. उतारावर एकदाही गाडी उलटली नाही, हॅंडल हातात नुसतं धरायचं, बाकी गाडी आपलीच जाते. पोरं थकतच नाहीत.

"छान," भावना म्हणाली.

"एकच बदल हवा होता मॅडम. हॅंडल अजून दोन इंच पुढे घेता येईल?"

"आणखी पुढे? हात ताणले जातील. फार वेळ चालवलं तर खांदे दुखतील."

"हात नाही दुखत. एकटे निघालो तरी मागे दाटी होते."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोणाच्या गाडीवर?"

"सगळ्याच. बाराही जणांचं तेच म्हणणं." तो थोडा थांबला आणि मग, साधीच तक्रार सांगावी तसं म्हणाला, "डिसेंबरपर्यंत जागा पुरत होती."