तिसरा ताणदोर

बटाटा नेमका त्याच्या पोटावर पडला.

समोरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, तो चटई टाकून झोपला होता. खालच्या बेकरीत पाव भाजणारा माणूस. रात्र भट्टीपुढे जायची, म्हणून दुपार अशी झोपेत. तो दचकून उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि मग बटाटा हातात घेऊन नीट निरखला. बटाट्याला सुतळी बांधलेली होती. सुतळी कठड्यावरून, खालच्या गल्लीवरून, थेट अलीकडच्या गच्चीपर्यंत आली होती — आणि तिचं दुसरं टोक जिच्या हातात होतं ती मुलगी जागच्या जागी थिजली होती.

"लागलं का... हो?" तिने विचारलं.

"हा बटाटा तुमचा?"

"हो."

"आमच्याकडे शिजवून देतात."

तिला हसू आलं होतं, पण चूक आपली असताना हसू नये एवढं तिला कळत होतं.

"दगड बांधला असता तर कुणाची तरी काच फुटली असती," ती म्हणाली.

"म्हणजे बटाटा विचारपूर्वक निवडलाय."

"अगदी. आणि बेकरीच्या मालकीणबाईंना विचारूनच टाकलाय. इथे कुणी झोपतं, हे तेवढं त्या बोलल्या नाहीत."

"त्यांच्या मते मी बेकरीतच झोपतो," तो म्हणाला. "उभ्या उभ्या."

ती चौकातल्या चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, "आता बरं की मघाशी?" एवढ्याशा प्रश्नाला भलेभले गडबडून जातात, हे तिने रोज पाहिलं होतं. तिचं स्वतःचं मात्र चटकन ठरायचं. ही वरची खोली तिने बघताक्षणी घेतली, कारण खोलीबरोबर गच्ची होती, आणि गच्ची आली की अँटेना आला. हौशी रेडिओचा परवाना तिने मामाच्या नादाने कॉलेजातच काढला होता. घोडं अडलं ते लांबीवर. तार मोठी, गच्ची आखूड. दुसरं टोक बांधायला गल्लीपलीकडचं घर हवं होतं.

"कसली तार?" त्याने विचारलं.

"रेडिओची. हिच्यावरून लांबलांबच्या माणसांशी बोलता येतं."

"त्याला फोन आहे की."

"फोनवर ओळखीच्या माणसांशी बोलतात. इथे कोण भेटेल ते सांगता येत नाही."

त्याने पोट चोळलं. "ते आलं लक्षात."

मग त्याने सुतळी ओढली. सुतळीमागून दोर आला, दोरामागून तार. दोर त्याने कठड्याजवळच्या कडीला बांधला आणि सुतळी गुंडाळून परत फेकली. तिच्या टोकाला आता बटाट्याऐवजी कागदात गुंडाळलेला पाव होता. बटाटा त्याने ठेवून घेतला.

तार बसवायची एक रीत असते. आधी ती मुद्दाम थोडी लांब कापायची, मग ती जमली की नाही ते दाखवणारं मीटर बघत बघत छाटायची. दोन्ही टोकं सारखीच छाटायची. जास्त छाटली गेली की कपाळाला हात. जोड दिलेली तार वाऱ्यात टिकत नाही. तेव्हा रोज संध्याकाळी, ती दुकानातून आल्यावर आणि तो भट्टीवर जाण्याआधी, दोघांनी आपापल्या कठड्याशी यायचं. त्याने दोर सैल सोडायचा, ती सांगेल तेवढं टोक कापायचं, पुन्हा ओढून बांधायचं. मग ती मीटर बघून आकडा ओरडायची. पक्कड तिनेच त्याला देऊन ठेवली होती. हातावर कोपरापर्यंत पीठ असलेला तो माणूस पक्कड अशी धरायचा, जणू तिचा चटका बसेल.

"किती कापू?"

"बोटभर."

"माझं बोट की तुमचं?"

"माझं."

"इथून नीट दिसत नाही हो..."

"डोळे तपासून घ्या मग. दुकान चौकातच आहे."

तो खरंच आला दुकानात. भिंती न्याहाळत बसला, फ्रेम लावून घेतली, प्रत्येक भिंगाला "दोन्ही बरी" म्हणाला. त्याची नजर ठणठणीत होती. तिने तसं सांगितलं, तेव्हा जरा हिरमुसलाच.

एका संध्याकाळी त्याने दोर सोडता सोडता विचारलं, "काल तुम्ही ओरडलात तो आकडा बरोबर होता ना?"

"आज हलला."

"तारेला काय झालं?"

"आखडते... थंडीने."

"उन्हाळा आहे."

"तेच म्हणते. उन्हाने सैल पडते."

"मग कापायची की ओढायची?"

ती मीटरमध्ये डोकं खुपसून बसली. "कापा," शेवटी म्हणाली. "नखाएवढी."

तार केव्हाच जमली होती. एरवी चारचौघांत शहाणी म्हणून गणली जाणारी ही मुलगी रोज नखाएवढं काम काढून ठेवत होती. तिला तो आवडायला लागला होता. गिऱ्हाइकाचा नंबर सांगावा तसं तिने हे स्वतःला सांगून टाकलं होतं: आहे, वाढतोय, तूर्त काही करायला नको.

आणि मग मामाचा टॉवर आला.

मामाच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. टॉवरवर चढणं बंद झालं, तेव्हा त्याने तो उतरवला आणि एका टेम्पोत घालून भाचीकडे पाठवला: शिडीसारखे पाच लोखंडी तुकडे, आणि वर लावायला माशाच्या काट्यासारखा दिसणारा, हवा तिकडे वळवता येणारा अँटेना. लहानपणापासून तिला हाच हवा होता. मामा मागोमाग स्वतः येऊन, गच्चीत खुर्ची टाकून बसला.

"हे बघ," तो म्हणाला, "तीनच तुकडे लाव. इथल्या टाकीच्या खोलीच्या भिंतीला आवळून टाकलेस की बघायला नको. पाचही चढवलेस तर आणखी लांबचं ऐकू येईल, पण मग वरून तीन दिशांना ताणदोर हवेत, वाऱ्यात उभा ठेवायला. दोन तुझ्या गच्चीत बसतात. तिसरा गल्लीत जातो."

"तीन पुरेत," ती म्हणाली.

"शहाणी माझी ती. आणि ही तार काढ आता. हिचं काय काम?"

त्या संध्याकाळी ती कठड्याशी गेली तेव्हा तो नेहमीसारखा पक्कड घेऊन उभा होता.

"तुमची कडी मोकळी होणार आता," ती म्हणाली. "टॉवर आलाय. तार काढायची."

"हं..." त्याने पक्कड मिटली, उघडली. "बरं झालं. मीही जाणारच होतो."

"कुठे?"

"भावाने दुसऱ्या गावात दुकान घेतलंय. भट्टी सांभाळायला बोलावतोय, बरेच दिवस झाले. मीच म्हणत होतो, समोर तारेचं काम चाललंय, तेवढं होऊ दे."

"तारेचं काम?"

"तुम्हीच म्हणायचात की, अजून जमली नाही म्हणून."

खालून एक सायकल गेली. दोघांनीही ती गल्लीच्या टोकापर्यंत बघितली.

"आता जमली म्हणायची," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "जमली."

आणि दोघं आपापल्या कामाला लागले. कुणी रडलं नाही, कुणाचं जेवण राहिलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एका म्हाताऱ्या गृहस्थांना "आता बरं की मघाशी?" विचारलं, तेव्हा ती भिंग बदलायचंच विसरली होती. ते बराच वेळ समोरच्या अक्षरांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मघाशीच बरं होतं." तिने भिंग काढून पुसलं. पुसत राहिली.

सुट्टीच्या सकाळी टॉवर उभा करायचा ठरला. मामाने त्याचे दोन रेडिओवाले मित्र आणले होते. बोलायला अघळपघळ, पण बोल्ट आवळण्यात पक्के. पाववाला गरम पावांची पिशवी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तो निघणार होता, म्हणून निरोपाचे पाव. तार त्याने आपल्या बाजूने सोडून दिली होती. ती आता एका कोपऱ्यात वेटोळं होऊन पडली होती. दुपारपर्यंत तीन तुकडे भिंतीला पक्के झाले.

"झकास," मामा म्हणाला. "आता अँटेना द्या वर."

"थांब मामा," ती म्हणाली. "पाचही लावायचे."

मामाने पाना खाली ठेवला. "अगं, ठरलं होतं ना आपलं?"

"बदललं."

"आणि तिसरा ताणदोर?"

"पलीकडे. मालकीणबाईंना मी सकाळीच विचारलं. गच्चीच्या खांबाला कडी ठोकायला त्या हो म्हणाल्या. फक्त म्हणाल्या, बघायला माणूस हवं. त्यांच्याने जिना चढवत नाही."

"बरोबरच म्हणाल्या." मामाचा आवाज आता चेष्टेचा नव्हता. "तार सुटली तर रेडिओ बंद पडतो, बास. ताणदोर सुटला तर टॉवर खाली येतो. दोर सैल पडतो, वरचेवर आवळावा लागतो. वारा सुटला की जाऊन बघावं लागतं. त्या टोकाला भरवशाचं माणूस लागतं. आहे का तुझ्याकडे?"

"ते विचारायचंय अजून."

ती पाववाल्याकडे वळली. तो पिशवी छातीशी धरून उभा होता. तिचा आवाज शांत होता. हातातला पाना मात्र तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"माझं तीन तुकड्यांवर भागतं," ती म्हणाली. "तारेवरही भागत होतं. तार तर तुम्ही दुसऱ्यांदा कापलीत तेव्हाच जमली होती. पुढचं सगळं... तुम्ही संध्याकाळी कठड्याशी यावं म्हणून. मला तुम्ही आवडता. भावाकडे जायचं तुमचं ठरलंय, त्यात वावगं काही नाही. नाही म्हणालात तर टॉवर तीन तुकड्यांचा राहील आणि पक्का उभा राहील. पण विचारलंच नाही, तर मला कायम वाटत राहील की मघाशीच बरं होतं."

मामाचे मित्र एकदम आभाळ बघायला लागले. पाववाल्याने पिशवी अलगद कठड्यावर ठेवली आणि तो जिना उतरून गेला. चपलांचा आवाज एकेक मजला खाली जात विरला.

"गेला गं," मामा हळूच म्हणाला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "दोर गुंडाळून ठेवा."

पण कुणी तो गुंडाळला नाही. तिने एक पाव काढला, तोडला, तसाच हातात धरून ठेवला. गच्चीवर ऊन होतं आणि तिला थंडी वाजत होती. विचारायला नको होतं, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, नाही, हेच बरं.

"बटाटा टाका," पलीकडून आवाज आला.

तो समोरच्या गच्चीवर उभा होता, धापा टाकत. हातात हातोडी होती.

"काय...?"

"दोर इकडे कसा येणार? सुतळी बांधा, बटाटा टाका. जरा बाजूला टाका या खेपेला."

"मागचा आहे की तुमच्याकडे."

"तो खाल्ला," तो म्हणाला. "शिजवून."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला तिला पाठ फिरवावी लागली. मामा स्वयंपाकघरातून बटाटा शोधून घेऊन आला तेव्हा गुडघ्यांची तक्रार करायची विसरला होता.

"आणि भाऊ?" तिने विचारलं.

"त्याची भट्टी लावून देतो, चांगला माणूस बघून देतो आणि येतो परत. कळवतो त्याला, तारेचं काम झालं, आता टॉवरचं निघालंय."

"टॉवरचं काम कधीच संपत नाही, हेही कळव त्याला," मामा ओरडला.

"तेच तर कळवायचंय."

ऊन उतरेस्तोवर पाचही तुकडे चढले, वर अँटेना बसला. दोन दोर अलीकडे ताणले गेले, तिसरा गल्लीवरून पलीकडे. टॉवरचा सरळपणा बघायला ती पायथ्याशी ओळंबा धरून बसली आणि तो तिकडे दोर आवळायचा स्क्रू फिरवत होता, पिठाच्या हातांनी, सावकाश.

"आवळा... अजून," ती सांगत होती. "थोडा सैल. हं... राहू दे."

"परत एकदा बघा," तो म्हणाला आणि त्याने स्क्रू उगाच इकडून तिकडे केला. "आता बरं की मघाशी?"

ओळंबा जागचा हललाही नव्हता. तिने तिकडे पाहिलंच नाही.

"आता," ती म्हणाली.