हजार ओहम

तो मोबाइल खाली ठेवा आधी, उजेड डोळ्यांत जातोय. आणि मध्येच कुणी "मग काय झालं?" विचारायचं नाही. ऐकीव गोष्ट नाही ही. माणूस माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला आहे.

आमच्या दुकानाशेजारी एक वायरमन आहे. हातात कसब मोठं, आणि आळस त्याहून मोठा. नऊ कामं धडाक्यात उरकायचा आणि दहाव्याला म्हणायचा, "हे उद्या बघू." म्हणून सगळे त्याला उद्याराव म्हणायचे. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही.

गेल्या जानेवारीतला तिसरा मंगळवार. त्याची थोरली बहीण दोनच दिवसांपूर्वी नव्या भाड्याच्या घरात आली होती. दाजी रात्रपाळीला, घरात ती आणि सहा वर्षांची चिमणी. ताईचा फोन आला, "गिझर आणून ठेवलाय रे, आज बसवच. पोरीला सकाळी आंघोळ घालून शाळेत धाडायचंय. गार पाण्यानं खोकला धरलाय तिनं."

दुकान बंद करून हा गेला. पावणेअकराला गिझर भिंतीवर. लाल वायर जोडली, काळी जोडली, राहिली हिरवी. अर्थिंगची. गिझर बिघडला तर करंट माणसाच्या अंगातून न जाता थेट जमिनीत जावा, म्हणून असते ती. बोर्डातला तिचा स्क्रू गंजून गळून पडला होता, आणि पिशवीत दुसरा नव्हता.

"एवढी हिरवी उद्या जोडतो," उद्याराव म्हणाला.

"अरे, पण सकाळी पोरीला आंघोळ..."

"काही होत नाही गं ताई. नवाकोरा गिझर आहे. निम्म्या घरांत ही वायर अशीच लोंबकळतेय."

चपला घालताना त्याची नजर दारावरच्या वीजमीटरवर गेली. तांबडा दिवा थांबून थांबून लुकलुकत होता, म्हणजे घरात वीज खर्च होतेय. गिझर बंद, पंखे बंद, फ्रिज अजून खोक्यातच. त्यानं ताईला उरलेला एक दिवाही मालवायला लावला. तरी लुकलुक चालूच.

टॉर्चच्या उजेडात पिशवीतून त्यानं चिमट्याचा मीटर काढला. वायरीला चिमटा लावला की आतून किती करंट वाहतोय ते दिसतं. शून्य पूर्णांक तेवीस अँपिअर. व्होल्टेज पाहिलं, दोनशे तीस. दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर निघते. त्रेपन्न वॅट. जवळजवळ जुन्या पिवळ्या बल्बाएवढी.

"ताई, एखादा जुना पिवळा बल्ब राहिलाय का गं कुठं?"

"नाही रे, पिवळा बल्बच नाही या घरात."

मग तो फ्यूजबोर्डावरचा एकेक खटका पाडत गेला. बाथरूमचा पाडला आणि आकडा शून्यावर आला. वर केला, पुन्हा तेवीस. चिमटा नुसत्या बाथरूमच्या वायरीवर ठेवून त्यानं ताईला दिवा परत लावायला सांगितलं.

खटका पाडून तो बाथरूममध्ये गेला. गिझरच्या जोडलेल्या वायरी सोडवल्या, टोकं एकमेकांपासून वीतभर लांब केली, बाहेर येऊन दार लोटलं. "आत कुणी जायचं नाही," ताईला बजावलं आणि खटका वर केला. आता करंट जाणार कुठून? टोकं तर हवेत.

तेवीस.

त्यानं दुसरं गणित केलं. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स निघतो, आणि रेझिस्टन्सवरून जाणकाराला वस्तूचा अंदाज येतो. गिझरचा पंचवीस-तीस ओहम. इथं दोनशे तीस भागिले शून्य पूर्णांक तेवीस...

हजार.

शिकत असताना उस्तादानं घोकून घेतलं होतं त्याच्याकडून. विसरू नकोस पोरा. ओलं माणूस साधारण हजार ओहमचं असतं.

आकडा हलला. चोवीस. पंचवीस. म्हणजे नऊशे वीस ओहम. रेझिस्टन्स उतरत होता. धरलेला हात... आणखी घट्ट होत होता.

"ताई, चिमणी कुठंय?"

"झोपलीय की."

"बघ."

ताई आत गेली. आतून आवाज आला, "अरे... नाहीये रे इथं!"

हा दाराकडे धावला. बाथरूमचं दार आतून बंद. कडी लागलेली.

मागं फिरला. मेन स्विच खाली ओढला. काळोख.

आणि आत... धप्प. धरून ठेवलेलं माणूस सुटून ओल्या फरशीवर पडावं, तसं.

दोन लाथांत कडी तुटली. टॉर्च मारला.

कुणी नाही.

फरशी कोरडी ठणठणीत.

"मामा, लाइट का गेली?" मागं चिमणी उभी. पाण्याचा पेला हातात. स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठली होती. ताईनं तिला असं काही कवटाळलं की पेला खाली पडला. उद्यारावानं मात्र टॉर्च गिझरच्या बोर्डावर मारला.

हिरवी वायर जोडलेली होती.

स्क्रू नाही, काही नाही. नुसत्या बोटांनी पीळ घातलेला, इतका घट्ट की तांबं काळं पडलेलं. आणि त्या पिळावरून पाणी ठिबकत होतं.

सकाळी शेजारच्या काकूंनी सांगितलं. आधीच्या भाडेकरूची बायको त्याच बाथरूममध्ये शॉक लागून गेली. मुलीच्या आंघोळीसाठी पाणी किती तापलंय ते बघत होती... तेव्हाचा वायरमनही म्हणाला होता म्हणे, अर्थिंग उद्या करतो.

ऊन वर यायच्या आत यानं नवी वायर टाकली, नवा स्क्रू बसवला, तीनतीनदा तपासलं. मगच चिमणीची आंघोळ झाली. आता त्याला कुणी उद्याराव म्हणत नाही. कामाला हात लावला की पहिली हिरवी वायर जोडतो.

तो पिळाचा तुकडा त्यानं कापून आणलाय. दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. बोटभर तांबं ते, रेझिस्टन्स मोजला तर शून्याच्या आसपास यायला हवा. परवा मी स्वतः त्याच्या दोन टोकांना मीटर लावून पाहिला.

हजार.