धक्क्याच्या आड

त्या दिवशी नीळकंठ प्रयोगशाळेच्या हॉलवर गेला तो अगदी किरकोळ कामासाठी. बर्फाच्या टाकीतली चाचणी आदल्या दिवशीच आटोपली होती. टाकीतला बंदराच्या धक्क्याचा नमुना क्रेननं उचलून बाहेर काढायचा, तेवढंच उरलं होतं, आणि त्यासाठी त्याची सही हवी होती. या देशात शिंकायलाही सही लागते, असं तो म्हणायचा आणि म्हणताना नाक मुरडायचा.

नाक मुरडणं ही त्याची सवयच होती. झूटरमेर या डच गावातल्या त्याच्या शेजाऱ्यांना सायकलीपलीकडे काही कळत नाही, डॉक्टरला पॅरासिटामॉलपलीकडे काही सुचत नाही, आणि दुपारी ब्रेडवर चीज ठेवून खाणाऱ्या सहकाऱ्यांच्या डोक्यातही तेवढंच असतं, ही त्याची पक्की मतं. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारत. पण पुण्याहून आलेल्या चैत्रालीनं मराठीत बोलताना आपल्याला ‘सर’ म्हणावं, हे त्यानं तिच्या पहिल्याच आठवड्यात सुचवून टाकलं होतं.

काम मात्र त्याला येत होतं. उत्तरेकडच्या बंदरांत समुद्र गोठतो. मग मैलोगणती बर्फाची लादी वाऱ्याबरोबर सरकत येते आणि धक्क्याला रेटते. तो रेटा आधी मोजला नाही, तर एखाद्या हिवाळ्यात धक्का वाकतो आणि वरची माणसं खाली जातात. म्हणून हा हॉल. लांबलचक टाकीत खारं पाणी, त्यावर गोठवलेला बर्फ, आणि मधोमध धक्क्याच्या पायाची लहान प्रतिकृती. म्हणजे माणूस आत उभा राहील एवढं गोल, पोकळ पोलादी पिंप. पिंपाच्या बाहेरून चहूबाजूंनी दाब मोजणाऱ्या प्लेटा.

दुपार होती, पण बाहेर धुकं इतकं दाटलं होतं की पार्किंगमधल्या गाड्याही दिसत नव्हत्या. हॉलच्या आत नेहमीची मरणाची थंडी. खाऱ्या बर्फाला एक वास असतो, भिजलेल्या लोखंडासारखा. तो वास त्या दिवशी घशापर्यंत जात होता. चैत्राली काचेमागच्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसली होती.

“सर, दाब उतरत नाहीये,” ती माइकवर म्हणाली.

“बर्फ रेटणारं यंत्र बंद आहे ना?”

“कालपासून बंद आहे. सकाळी दाब जवळजवळ शून्य होता. तुम्ही आत आलात आणि...”

“आणि काय?”

“तुम्ही ज्या बाजूला उभे राहता, तिच्या बरोबर समोरच्या, पिंपाच्या पलीकडच्या प्लेटवर दाब येतोय.”

नीळकंठ हसला. टाकीच्या कडेनं चार पावलं चालला आणि थांबला.

“आता?”

“सरकला. आता पुन्हा तुमच्या समोर आहे.”

तो उलट्या दिशेनं गेला. मुद्दाम एकदम थांबला, मग मागे फिरला. लहान मुलाला खेळवावं तसं तो बर्फाला खेळवत होता, आणि दर वेळी काचेमागून तिचा आवाज येत होता, आधीपेक्षा हळू. “समोर... समोरच...”

“प्लेट खराब आहे,” तो म्हणाला.

“सगळ्या प्लेटा खराब कशा असतील, सर? मला तर वाटतं, बर्फ पलीकडून तुमच्या दिशेनं रेटतोय. मध्ये धक्का आहे म्हणून अडलाय.”

“मास्टर्स करून हे शिकलीस?” नीळकंठ म्हणाला. “आजीच्या गोष्टी नीट लक्षात आहेत तुझ्या. थांब, तुझ्या भुताला जवळूनच भेटून येतो.”

टाकीवर एक अरुंद पूल होता. त्यावरून तो मधल्या पिंपापाशी गेला आणि शिडीनं आत उतरला. एकट्यानं आत उतरायचं नाही, असा नियम होता. पण नियम भित्र्यांसाठी असतात, हेही त्याचं एक मत.

आत उभा राहिल्यावर पोलाद त्याच्या खांद्यांना टेकत होतं. वर हॉलच्या छपराचा दिव्यानं उजळलेला गोल तुकडा. पलीकडे बर्फ असेल, पाणी असेल. आवाज मात्र कसलाच नव्हता.

“बोल. आता कुठली प्लेट?”

वर स्पीकर खरखरला.

“चैत्राली?”

“सर... सगळ्या.”

“काय सगळ्या?”

“चहूबाजूंनी. सारखाच दाब आहे. आणि वाढतोय. वर या, सर. प्लीज वर या...”

तेव्हा त्याला पोलादाचा आवाज आला. कण्हल्यासारखा, बारीक, लांबलेला. यंत्र रेटतं ते एका बाजूनं, सगळीकडून सारखं रेटणं त्याला जमत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो शिडीवरून वर आला तेव्हा त्याचे हातमोजे आतच पडले होते आणि एका बोटाचं नख निघालं होतं. ते कधी निघालं, हे त्याला सांगता आलं नसतं.

केबिनमध्ये येऊन त्यानं कॉफी घेतली. एक घोट घेऊन कप टेबलावर ठेवला.

“थंडीनं पोलाद आकसतं,” तो म्हणाला. “एवढंच. क्रेनवाल्याला बोलाव.”

“सर, आज राहू दे ना. धक्का तिथेच असू दे. तो मध्ये आहे तोवर तरी...”

“तोवर तरी काय? बोल की.”

नीळकंठनं सही केली.

क्रेननं पिंप सावकाश वर उचललं. बर्फात गोल भोक राहायला हवं होतं, काळ्या पाण्याचं. नीळकंठ पाहत होता. पिंपावरून गळणारं पाणी खाली पोचायच्या आतच ते भोक मिटलं. आवाज न करता, पापणी मिटावी तसं. क्रेनवाला जागच्या जागी थिजला. चैत्राली टाकीकडे बघत नव्हती. ती नीळकंठकडे बघत होती, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

“घरी जा,” तो तिला म्हणाला. “उद्यापासून दुसरं काम बघ. हे तुझ्या कुवतीचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा छाती आवळल्यासारखी झाली होती. तिसऱ्या सकाळी त्याला पलंगावरून उठताना कठड्याचा आधार घ्यावा लागला. बेडरूमची खिडकी पश्चिमेला होती. हॉलही पश्चिमेलाच, इथून अर्ध्या तासावर. खिडकीच्या बाजूला तो झोपायचा, आतल्या बाजूला त्याची बायको, सुनीती.

तो मूर्ख नव्हता. त्यानं एका क्षणात हिशेब मांडला.

“मला वारा लागतो,” त्या संध्याकाळी तो सुनीतीला म्हणाला. “तू खिडकीकडे झोप.”

तेव्हापासून त्याला गाढ झोप लागू लागली. सकाळी हलकं वाटायचं. सुनीती मात्र पाठ धरून उठायची. पाठीवर, खांद्याच्या खाली, एक फिकट गोल डाग उमटला. हात लावला तर तेवढीच जागा गार लागायची.

“कुणीतरी सारखं रेटतंय असं वाटतं रे,” ती म्हणाली.

“तुझं वय झालं,” नीळकंठ वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. “व्यायाम कर.”

तिला काय होतंय हे त्याला नीट ठाऊक होतं. आपण काय करतोय, हेही. पण धक्का असतोच कशासाठी, असं तो स्वतःशी म्हणाला. त्याला त्याची लाज वाटली नाही. उलट, काहीही न कळणाऱ्या त्या बाईचा थोडा तिटकाराच आला.

मग ती डॉक्टरकडे जाऊन आली. स्वयंपाकघरात कोट न काढताच उभी राहिली.

“दिलं ना पॅरासिटामॉल?” त्यानं विचारलं.

“नाही. मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिलीय.”

“पाठीच्या एका डागासाठी?”

“पाठीचा मी दाखवलाच नाही, नीळू.” तिनं कोटाची बटणं सोडली, आतला शर्ट किंचित वर केला. बरगड्यांवर, पोटाच्या जरा वर, तसाच गोल डाग होता. पाठीवरच्यापेक्षा मोठा, गडद.

“मी रोज तुझ्याकडे तोंड करून झोपते. खिडकीकडून येतो त्याहून मोठा रेटा पुढून येतो,” ती म्हणाली. “हा तुझ्या बाजूचा आहे.”