रिकाम्या खोलीतलं एक मिनिट

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. तेवढी कल्पनाशक्ती माझ्यात नाही. नीट सांगता येईल की नाही, याचीही शंकाच आहे. पण हे माझ्या सुनेच्या बाबतीत घडलं. मार्चमधल्या एका गुरुवारी, भर दुपारी.

शहराच्या पर्यटन विभागाने जुन्या भागासाठी अ‍ॅप काढलं होतं. अकरा थांबे. हेडफोन लावायचा, चालायचं आणि प्रत्येक जुन्या वास्तूची गोष्ट ऐकायची. ध्वनिमुद्रण सुनेकडे होतं.

स्टुडिओतल्या निवेदनाखाली एखाद्या खोलीची नुसती शांतता पसरतात. नाहीतर आवाज कोरडा वाटतो, असं ती म्हणते. ती शांतता तिने बंद पडलेल्या टेलिफोन कचेरीच्या तळघरात टिपली. दार लावून, एकटीने. एक मिनिट.

तेच मिनिट अकराही थांब्यांखाली घातलं.

त्या गुरुवारी शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर म्हणाला, "ताई, लोक खूश आहेत तुमच्यावर. पावलांच्या आवाजाने अंगावर काटा आला म्हणे!"

"कसली पावलं?"

"आता भाव नका खाऊ."

तिने हेडफोन लावला.

पहिला थांबा. लांब कुठेतरी... कुणीतरी जिना उतरत होतं.

पाचवा. पावलं खोलीत आली होती.

दहावा. अगदी पाठीशी...

अकराव्याला पावलं थांबली. एक श्वास. मग बाईचा आवाज, अगदी अदबीने...

"येऊ का मी?"

सून किंचाळली, "काढून टाक ते! आत्ताच्या आत्ता!"

"सर्व्हरवरून काढतो. पण लोकांनी उतरवून घेतलंय, त्याला मी काय करू?"

तेव्हा तिला आठवलं. सकाळी तिनेच ते माझ्या फोनवर उतरवून दिलं होतं. नातीला सुट्टी होती. चिमणीला आईचं काम ऐकायचं होतं, म्हणून मी तिला फिरायला नेलं होतं.

तिने लगेच मला फोन लावला. तो वाजत राहिला. सातव्यांदा चिमणीने उचलला.

"मधेच काय गं सारखी फोन करतेस! गोष्ट संपेपर्यंत मी उचललाच नाही."

"कितव्या थांब्यावर आहात?"

"झाले सगळे."

"आजोबांना दे."

"ते दगडावरचं वाचतायत. आई, त्या बाई किती छान बोलतात गं! येऊ का, विचारत होत्या."

सुनेने फोन कानाशी दाबला.

"मग?"

"मग काय... मी म्हटलं, या ना."

मी चार पावलांवर होतो. शिलालेखातलं एक झिजलेलं अक्षर लावत होतो. मला काहीच ऐकू आलं नाही.

चिमणी तशी बरी आहे. जेवते, खेळते, शाळेत जाते. सून मात्र घरात रेडिओ कधी बंद होऊ देत नाही.

काल दुपारी वीज गेली. रेडिओ थांबला. घर एकदम शांत झालं...

चिमणी कोचावर चित्र रंगवत होती. मान वर न करता ती थोडी सरकली.

शेजारी जागा करून दिली.

सुनेने माझ्याकडे पाहिलं.

मी पुस्तकात मान घातली.