ही जागा रिकामी आहे का?

ही गोष्ट घडलेली आहे. मिर्यामने ती आजवर चार जणांना सांगितली... पण प्रत्येक वेळी स्वतःच्या तोंडचं एक वाक्य गाळून.

इथे ते गाळलेलं नाही.

दोन हजार अठरा. ऑक्टोबरातला दुसरा रविवार, दुपारचे दोन. लख्ख ऊन पडलेलं. स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनच्या मागच्या दरीतून डोंगर चढणारी दोन डब्यांची छोटी गाडी.

मिर्यामचे वडील गॉटफ्रीड तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचं लहानपण याच दरीत गेलं, श्वेंडी नावाच्या थांब्याच्या वर, घरच्या शेतावर. पण शेत विकल्यापासून ते या गाडीत एकदाही बसले नव्हते. राहायला तर तासाभराच्या अंतरावर. लोक मुद्दाम धबधबे बघायला यायचे, हे म्हणायचे, "धबधबा म्हणजे पाणीच ना? ते घरी नळाला येतं."

या खेपेला मिर्यामने न विचारता तिकिटं काढली आणि चौदा महिन्यांच्या नोएमीला पुढे केलं. नातीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

"दोन तासांची फेरी आणि हे बिऱ्हाड?" तिच्या पिशव्या बघून ते म्हणाले. "इटलीत नांदायला निघालीस का?"

"बाबा, तुम्ही खिडकीशी बसा आणि गप्प बसा."

समोरासमोर चार जागा होत्या. एका खिडकीशी गॉटफ्रीड. त्यांच्यासमोर नोएमीला मांडीवर घेऊन मिर्याम. तिच्या शेजारी घडी केलेली बाबागाडी. आणि गॉटफ्रीडच्या शेजारच्या चौथ्या जागेवर लंगोटांची पिशवी, तिच्यावर पाव, चीज, सफरचंदं.

नोएमीला दात येत होते. तीन रात्री मिर्यामला झोप नव्हती. लेकीच्या टाळूचा वास घेत, पेंगुळल्या डोळ्यांनी ती कुरणं मागे पडताना बघत होती.

बरं वाटत होतं.

श्वेंडीला गाडी एरवी थांबत नाही. कुणी डब्यातलं बटण दाबलं तरच थांबते.

घंटी वाजली.

गाडी थांबली... पण कुणी उठलंच नाही.

"कुणाला उतरायचंय?" तिकीट तपासनीसाने विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. "चला, रविवारी गाडीलाही दम लागतो म्हणायचा," तो म्हणाला आणि डबा हसला.

दार उघडलं. फलाट रिकामा होता. दार मिटलं.

गॉटफ्रीड हसले नाहीत. ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

पुढच्याच वळणावर धबधबा आला. इतका जवळ की काचेवर तुषार उडाले. माणसं पलीकडच्या खिडक्या सोडून या बाजूला आली. वरच्या काचा उघड्या होत्या. पाणी कोसळत होतं...

पण आवाज येत नव्हता.

जराही नाही.

त्या शांततेत फक्त एक आवाज होता. लाकडी तळव्यांच्या बुटांचा. टक्... टक्... टक्...

तो त्यांच्यापाशी येऊन थांबला.

"ही जागा रिकामी आहे का?"

इकडे विचारल्याशिवाय कुणी कुणाशेजारी बसत नाही. आणि पिशवी ठेवलेली जागा कुणी नाकारतही नाही. पिशवी उचलायची, संपलं.

मिर्यामने वर पाहिलं. अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. राखाडी एप्रन, काठापर्यंत ओला. ओल्या लोकरीचा आणि गोठ्याचा वास. हातांना भेगा.

मिर्यामने लेकीला जरा जवळ ओढलं. एकदा पावाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "इथे कुणीतरी बसलंय."

हेच ते वाक्य.

मुलगी रागावली नाही. हेच उत्तर मिळणार हे ठाऊक असल्यासारखी तिने मान हलवली... आणि तिथेच उभी राहिली.

परकं माणूस दिसलं की भोकाड पसरणारी नोएमी तिच्याकडे हात करून खुदकन हसली.

नोएमीचा पायमोजा निसटला म्हणून मिर्याम वाकली. वर बघते तर...

कुणी नाही.

आणि त्याच क्षणी धबधब्याचा सगळा गडगडाट डब्यात शिरला.

"बाबा, ती पोरगी कुठे गेली?"

गॉटफ्रीडचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यांना कुणीच दिसलं नव्हतं. फक्त मिर्यामचं बोलणं ऐकू आलं होतं.

"तू आत्ता... कुणाला नाही म्हणालीस?"

तिने सांगितलं. एप्रन, बूट, हात. सांगता सांगता तिचं लक्ष खाली गेलं. चौथ्या जागेपुढे पाण्याचे दोन ठसे होते, बुटांचे. टोकं जागेकडे. येतानाचे नाहीत, जातानाचे नाहीत. फक्त उभं राहिल्याचे.

नोएमी झोपली, मग गॉटफ्रीड बोलले. खिडकीबाहेर बघत.

त्या काळी गावकी पोरक्या नि गरिबांच्या मुलांना शेतकऱ्यांकडे कामाला ठेवायची. त्यांच्या घरी व्रेनी नावाची मुलगी राबत होती. चार वर्षं. पहाटे गोठा, दिवसभर शेळ्या. घरच्यांबरोबर टेबलाशी बसायची तिला मुभा नव्हती. चुलीपाशी, लाकडांच्या पेटीवर ताटली ठेवून ती उभ्यानेच जेवायची.

मग आजोबा गेले आणि टेबलाशी एक खुर्ची रिकामी झाली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी व्रेनीने विचारलं, ही जागा रिकामी आहे का?

गॉटफ्रीड नऊ वर्षांचा होता. त्याने आपलं दप्तर उचललं, त्या खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाला, "इथे कुणीतरी बसलंय."

घर हसलं. बापाने पाठीवर थाप मारली. पहिल्यांदाच.

"ती काय म्हणाली?" मिर्यामने विचारलं.

"म्हणाली, असू दे. मी उभीच बरी."

त्या दुपारी ती धबधब्याकडे शेळ्या आणायला गेली. शेळ्या आल्या. ती आली नाही. दोन दिवस शोधलं. मग बटाटे काढायचे राहिले होते म्हणून शोधणं थांबलं.

मिर्यामलाही तेच शब्द कसे सुचले, तेही कुणी न शिकवता, हे तिला कळेना. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. फार उशिरा.

"तू दमली होतीस, पोरी," गॉटफ्रीड म्हणाले. "मी दमलो नव्हतो."

पुढच्या वर्षी, त्याच रविवारी, ते आपणहून म्हणाले, जाऊया. चौथी जागा मोकळी ठेवली. मधे एकही पिशवी नाही. श्वेंडीला घंटी वाजली. कुणी चढलं नाही. मग धबधबा आला... आणि त्याचा आवाज गेला.

गॉटफ्रीड उठले. भरलेल्या डब्यात टोपी काढून उभे राहिले.

"व्रेनी, बस. जागा तुझीच आहे. तेव्हाही होती."

लोक वळून बघू लागले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. म्हाताऱ्याचे कान लाल झाले, पण ते बसले नाहीत. हात जागेकडे करून थांबले.

जागा रिकामीच राहिली.

नोएमी आता सव्वादोन वर्षांची झाली होती, बोलू लागली होती. पावाचा तुकडा चघळत ती जागेकडे बघत होती. जागेकडे नाही... जागेच्या जरा वर. उभ्या माणसाचा चेहरा असतो तिथे.

"ताई म्हणते, असू दे," ती म्हणाली. "उभीच बरी."

व्रेनीचे ते शब्द गॉटफ्रीडनी एकदाच सांगितले होते, वर्षापूर्वी. तेव्हा नोएमी झोपलेली होती.

गॉटफ्रीड अजूनही दर ऑक्टोबरात त्या गाडीने जातात. आता ते बसत नाहीत. खालपासून वरपर्यंत, दांड्याला धरून, उभ्यानेच.

मिर्याम लेकीला घेऊन बसते. समोर ती जागा असते. गर्दीत कुणीतरी येतं, अदबीने विचारतं, ही जागा रिकामी आहे का?

मिर्याम आधी त्या जागेच्या जरा वर बघते.