कमरेचं खरं माप

एप्रिलच्या उन्हातून दामिनी वरूडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिरली, तीही पातळ सुती कुर्त्यावर. थोड्याच वेळात दात वाजायला लागले.

"स्वेटर काहून नाई आणलं, मॅडम?" क्रेटच्या रांगेमागून एकानं स्वतःचं जॅकेट पुढे केलं. त्याला संत्र्याच्या सालीचा वास होता.

तो नितेश, तिथला नवा सुपरवायझर. ती अमरावतीची डॉक्टर. थंडीत काम करणाऱ्यांच्या पोटाची चरबी आणि रक्तातली साखर उतरते का, हे तपासायला आलेली. तिचा पहिलाच अभ्यास.

"चरबी ते चरबी. त्यात काय पाहाचं?"

"पांढरी चरबी साठून राहते. पोटात खोल साचली की मधुमेहाला वाट करून देते. तपकिरी जळते, अंगात ऊब आणते. मानेजवळ थोडीशीच असते... थंडीत जागी होते."

"मंग माही जागी झाली. तुमी आल्यापासून गरम होऊन राह्यलं."

ती हसली नाही. टेप त्याच्या कमरेभोवती नेताना बोटं मात्र अडखळली.

"श्वास सोडा."

"सोडला."

मग अधूनमधून त्याचे मेसेज यायचे — "आज तपकिरी लय जागी हाय." ती उत्तर द्यायची, "काम करा." आणि पुढच्या मेसेजची वाट पाहायची.

हिवाळ्याच्या तोंडावर आंबिया बहराची संत्री आली तेव्हा तिनं पुन्हा मापं घेतली. बहुतेकांची कंबर थोडी उतरली होती. नितेशची वाढली होती... पण पट्टा सैल पडतो म्हणून त्यानं त्याला आतल्या बाजूला नवं भोक पाडलेलं. तिनं पुन्हा मोजलं. तेच.

"उद्या अकोल्याच्या डॉक्टरांच्या परिषदेत हा अभ्यास वाचायचाय," ती म्हणाली. "जे आलं तेच वाचेन."

सकाळी अकोल्याच्या सभागृहाच्या दारात तो उभा.

"पयल्या वक्ताले मी पोट आत ओढलं होतं."

"का?"

"तुमी मोजून राह्यल्या होत्या. तुमच्यासमोर पोट कोन सोडते?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"तो आकडा सुधरवून घ्या ना."

"अंदाजानं नाही. तुम्हाला गाळावं लागेल."

"गावभर सांगून ठेवलं, मॅडमच्या अभ्यासात मी हावो म्हून." त्यानं मान खाली घातली, मग वर केली. "गाळा."

व्यासपीठावर तिनं आधी तेच सांगितलं: एकानं पहिल्या मापाला पोट आत ओढलं होतं, म्हणून त्याला गाळलं आहे. सभागृह हसलं. मागच्या रांगेत नितेश उभा राहिला.

"तो मी."

हसू थांबलं. दामिनीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज ठाम झाला. "फरक लहान आहे. हा उपचार नाही. पण पुढे शोधत राहावं, एवढा नक्की आहे. आणि तो खरा आहे."

बाहेर आल्यावर त्यानं दोन्ही हात बाजूला केले.

"आता घ्या. अभ्यासासाठी नाई."

तिनं पर्समधून टेप काढला. "श्वास सोडा."

त्यानं सोडला. पोट जेवढं होतं तेवढं पुढे आलं.

"हे असं हाय, दामिनी."

"चालेल," ती म्हणाली. माप घेऊन झालं, तरी टेपची टोकं तिनं सोडली नाहीत.