हॉक्सली तळ्याचा गाळ

हॉक्सली तळ्याच्या तळाशी हजारो वर्षांचा गाळ थर धरून बसला आहे. त्यातला एक उभा तुकडा नळीत भरून जसाच्या तसा विद्यापीठात न्यायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं कॅनडातल्या येलोनाइफच्या उत्तरेला आलो होतो. प्राध्यापिका ओडेट लारोक यांच्या संशोधन गटात मी, जूनिया फ्रीसन, नुकतीच रुजू झाले होते. गाळ मात्र गटातल्या टॅविशचा होता. जुन्या वणव्यांची राख त्यात थराथराने साठते, आणि त्या राखेवरच त्याची डॉक्टरेट अडली होती. बर्फ वितळू लागलं होतं आणि आम्हाला न्यायला उद्या विमान येणार होतं. आज नळी हुकली, तर त्याचं अख्खं वर्ष गेलं!

गटाची रीत अशी, की गाळाची नळी नव्या माणसाने उभी धरून आणायची. आडवी झाली की सगळे थर कालवले जातात.

"तान्ह्या बाळासारखी धर," टॅविशने बजावलं.

"बाळाची आई तूच. मी नुसती दाई!"

बर्फाला पाडलेल्या भोकातून नळी वर आली. आरपार दिसणारी, आत तपकिरी गाळ आणि राखेच्या काळ्या रेघा. टॅविशने चक्क तिचा मुका घेतला! बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाईलच्या थरथरीने वरचा मऊ थर ढवळतो, म्हणून नळी नेहमी हाताने ओढायच्या घसरगाडीवर उभी ठेवून पायीच न्यायची. ओडेट सामान घेऊन स्नोमोबाईलवरून पुढे आमच्या मुक्कामाच्या झोपडीकडे निघाल्या.

"काठाकाठाने या," त्या म्हणाल्या. "ओढ्याच्या तोंडाशी बर्फ पातळ झालंय."

आम्ही काठाने निघालो. पण काठ सगळा खडकाळ. घसरगाडीला दोन दणके बसले आणि नळीतलं पाणी गढूळ झालं. टॅविशचा चेहरा उतरला.

"ओढ्याकडून जाऊ या," तो म्हणाला. "तिथे काचेसारखं सपाट आहे."

"ओडेट काय म्हणाल्या?"

"ओडेटना डॉक्टरेट मिळून जमाना झाला!"

मी मान डोलावली. नळीला धक्का लागू नये, एवढंच आम्हा दोघांच्या डोक्यात होतं. गाडीचा दोर कमरेला बांधून तो पुढे ओढत होता. मागे मी नळीला मिठी मारून चालत होते.

कड्कन आवाज झाला. टॅविश छातीपर्यंत पाण्यात गेला! दोर ताणला गेला. त्याच्या भाराने गाडी भोकाकडे घसरू लागली.

"टॅविश!"

"नळी..." तो धापा टाकत ओरडला, "नळी आडवी करू नकोस!"

बुडणारा माणूस हे बोलत होता! मी नळी टाकली आणि पालथी पडले. दोर पकडला. बुटांची टोकं बर्फात रुतवली. गाडी थांबली. अशाच वेळेसाठी गळ्यात अडकवलेले लोखंडी खिळे त्याने काढले, बर्फात ठोकले. मी ओढलं. कडा मोडली. पुन्हा खिळे, पुन्हा ओढ! अखेर तो पोटावर सरपटत वर आला. गाडीचा दोर सोडून, उभं न राहता आम्ही दोघं काठापर्यंत सरपटत गेलो.

आमचा आरडाओरडा ऐकून ओडेट परत आल्या. त्या आम्हाला झोपडीत घेऊन गेल्या आणि शेगडीपुढे बसवून दोघांनाही मनसोक्त झापलं. नंतर काठाने जाऊन, लांब दोराचा आकडा टाकून त्यांनी गाडीही ओढून आणली. नळी फुटली नव्हती. आत मात्र एकसारखा तपकिरी काला झाला होता.

टॅविशने नळी फिरवून फिरवून काळ्या रेघा शोधल्या. मला रडू येत होतं. माणूस वाचला याचा आनंद होता, तरी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"रागावलास?" मी विचारलं.

"हो. खूप." मग त्याने गरम सूपचा आपला पेला माझ्या हातात दिला. "आणखी एक वर्ष मला सोसावं लागणार आहे तुम्हाला."

"मला नाही," ओडेट लाकडं सारत म्हणाल्या. "तू वाचवलंस ना त्याला, जूनिया? आता तूच सांभाळ."